चवीपुरते हॉप्स

चाळणीला इंग्रजीत ‘सिफ्टर’ म्हणतात. १७५७ साली व्हर्जिनियातल्या पंचवीस वर्षांच्या एका कर्नलने आपल्या वहीत तो शब्द ‘सिफर’ असा लिहिला. मधला ‘ट’ गळाला. आपल्याकडच्या जुन्या वह्यांत ‘साखरे’ची ‘साकर’ झालेली असते, तसंच हे. शब्द कानावरून वहीत उतरला की असं होतं.

कर्नलचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिका नावाचा देश अजून व्हायचा होता आणि तो त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष व्हायला आणखी बत्तीस वर्षं होती. सरहद्दीवर फ्रेंचांशी लढाई चालू होती आणि व्हर्जिनिया रेजिमेंट त्याच्या हाताखाली होती. लष्करी कामाच्या नोंदी असलेल्या त्याच्या वहीत घरगुती बिअरची एक कृती आहे. वही आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या हस्तलिखित संग्रहात आहे. कृती शंभर-सव्वाशे शब्दांची. मी ती आजवर पन्नासेक वेळा वाचली असेल, आणि दोनदा शिजवली आहे. कवितेचं रसग्रहण करतात तसं या पानाचं करावं, असं बरेच दिवस मनात होतं. त्यातला रस तर अक्षरशः गाळून घ्यायचा आहे.

कृती अशी. मोठी चाळणभर कोंडा घ्यायचा, त्यात आवडीप्रमाणे हॉप्स टाकायचे आणि तीन तास उकळायचं. मग तीस गॅलन रस पसरट भांड्यात गाळून घ्यायचा आणि त्यात तीन गॅलन मळी मिसळायची. रस निवत निवत रक्ताच्या उबेपेक्षा किंचितच गरम उरला की एक क्वार्ट यीस्ट. कडाक्याची थंडी असेल तर वर घोंगडी. त्याच भांड्यात चोवीस तास फसफसू द्यायचं, मग पिंपात भरायचं. पिंपाचं तोंड, बिअर शांत होत येईपर्यंत, उघडं ठेवायचं. आणि ज्या वारी बनवली, त्याच वारी पुढच्या आठवड्यात बाटल्या भरायच्या. आजच्या अमेरिकन मापाने तीस गॅलन म्हणजे सुमारे ११४ लिटर, मळी अकरा लिटरांहून थोडी जास्त, यीस्ट लिटरला जरा कमी.

हिला तो ‘स्मॉल बिअर’ म्हणतो. रोजच्या पिण्याची, नशा बेताचीच असलेली, तहानेची बिअर.

पहिल्या वाचनात डोळा आकड्यांवर जातो. तीन तास, तीस गॅलन, तीन गॅलन, एक क्वार्ट, चोवीस तास, एक आठवडा. लष्करी माणसाला शोभेल असा नेमकेपणा. दुसऱ्या वाचनात कळतं की आकड्यांच्या मधल्या जागा रिकाम्या आहेत. चाळण ‘मोठी’, केवढी मोठी? पाणी किती घ्यायचं, हे तर लिहिलेलंच नाही. तीस गॅलन हे गाळल्यानंतर हाती यायला हवेत. तीन तासांत किती आटेल आणि कोंडा किती पिऊन टाकेल, तो हिशेब चुलीपाशी उभ्या असलेल्याने करायचा. आणि हॉप्स चवीपुरते.

‘चवीपुरतं’ हा शब्द आपल्याला मिठाच्या संगतीतच ठाऊक आहे, आणि तो वाचताना आपण थांबतही नाही. हॉप्सच्या बाबतीत मात्र थांबायला हवं. वेलीवरची ती हिरवी, कागदी पाकळ्यांची फुलं बिअरला कडवटपणा देतात आणि तिला नासवणाऱ्या बऱ्याच जंतूंना रोखूनही धरतात. पण फुलाचा कडवटपणा दर पिकाला वेगळा, आणि ठेवणीत पडून पडून तो उतरतो. आजच्या पाकिटावर कडू आम्लाची टक्केवारी छापलेली असते. १७५७ मध्ये ती सोय नव्हती. तेव्हा ‘इतके औंस’ असं लिहिलं असतं, तर ते नेमकं दिसलं असतं आणि खोटं ठरलं असतं. लिहिणाऱ्याने आकडा टाळला, त्यात आळस नाही.

जिला पक्कं माप आहे ती आहे मळी. ती विकतची. गॅलनवर यायची, गॅलनवर पैसे मोजायचे. कोंडा मात्र घरच्या दळणातून उरलेला, म्हणून त्याचं माप हाताशी असलेली चाळण. विकतचं मोजून आणि घरचं अंदाजाने, हा हिशेब आपल्याही स्वयंपाकघरात अजून मोडलेला नाही.

बिअरचा जाणकार इथे हरकत घेईल. बिअर म्हणजे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. तिचा भरडा ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मुरला की धान्यातली एन्झाइम्स पिठाची साखर करतात, आणि ती साखर यीस्ट खातं. वॉशिंग्टनच्या कृतीत मोडही नाही आणि मुरवणंही नाही. उकळत्या पाण्यात कोंड्यातून साखर जवळपास निघत नाही. त्यातून थोडा दाटपणा येतो, धान्याची चव येते आणि यीस्टला लागणारं पोषण मिळतं. दारू होते ती मळीतून. हरकत रास्त आहे. पण ज्या घरात माल्ट नाही, कोंडा आहे आणि मळीचं पिंप आहे, त्या घराची ही बिअर आहे.

आता या पानावरची माझी सर्वांत आवडती जागा. मळी घालायची वेळ येते तेव्हा कृती सांगते की बिअर कढत असतानाच तिच्यात मळी घाला. आणि लगेच, त्याच वाक्यात, स्वतःला दुरुस्त करते: त्यापेक्षा असं करा, मळी आधी भांड्यात काढून घ्या आणि उकळती बिअर तिच्यावर गाळा. पहिली सूचना खोडलेली नाही. दोन्ही एकापुढे एक उभ्या आहेत, मध्ये फक्त ‘किंवा त्यापेक्षा’ या अर्थाचे दोन छोटे शब्द.

ज्याने काकवी कधी गरम पाण्यात ओतली आहे त्याला या दोन शब्दांचं मोल कळेल. घट्ट पाक वरून सोडला की तो सरळ तळाला जाऊन बसतो, मग पळीने खरवडत बसा. पाक खाली आणि त्याच्यावर उकळत्या पाण्याची धार, असं केलं की ढवळण्याचं काम धारच करते. शिवाय हिवाळ्यात पिंपातून मळी उतरायला वेळ लागतो. ती आधीच काढून ठेवली की गाळणाऱ्याचा खोळंबा होत नाही. उकळत्या रसाने भांडंही निर्मळ होतं, त्यामागचं कारण तेव्हा कुणाला माहीत नसलं तरी. इतकं सगळं त्या दुरुस्तीत आहे.

ही दुरुस्ती छापील पुस्तकात टिकली नसती. संपादकाने पहिली सूचना कापून दुसरी तेवढी ठेवली असती. इथे ती टिकली म्हणून आपल्याला कुणीतरी बोलताना ऐकू येतं. सांगणारी व्यक्ती सांगता सांगता अडते, हाताची हालचाल आठवून बघते आणि म्हणते, छे, आधी मळी. कृती बोलून सांगितलेली आहे आणि ऐकून लिहिलेली आहे, असं मला या ठिकाणी वाटतं. आणि मग त्या गळालेल्या ‘ट’ची आठवण येते.

पुढे येते ती ऊब. थर्मामीटर त्या काळी होते, पण बिअरच्या भट्टीत ते रुळलेले नव्हते. मायकेल कोंब्रून या लंडनच्या बिअरवाल्याने आपल्या ग्रंथात त्यांचा आग्रह धरला तो १७६२ साली. तोवर माप अंगाचंच. रक्ताइतकं कोमट म्हणजे बोट बुडवल्यावर गरमही लागत नाही आणि गारही लागत नाही असं. विरजण लावताना आपण हेच करतो. गंमत अशी की फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा तिच्या खुणांपैकी एक खूण निरोगी माणसाच्या अंगाची ऊब हीच होती. बोटावरून काच आली, आणि मग काचेने बोटाला अडाणी ठरवलं. आजचा हौशी बिअरवाला रस विसेक अंशांपर्यंत उतरवूनच यीस्ट घालतो, कारण फार उबेत फसफसलेल्या बिअरला उग्र वास येतो. त्या हिशेबाने वॉशिंग्टनचा रस गरमच. पण पसरट भांड्यात तो रात्रभरात झपाट्याने निवत असणार. म्हणून तर घोंगडी.

आणि यीस्ट. त्याला पक्कं माप आहे, आणि तेच माप फसवं आहे. क्वार्टभर यीस्ट आणायचं कुठून? दुकानात पाकिटं नव्हती. ते यायचं आधीच्या बिअरच्या वरच्या फेसातून किंवा तळाच्या गाळातून. म्हणजे ही कृती गृहीत धरते की तुमच्याकडे, नाहीतर शेजारी, बिअर आधीपासून फसफसते आहे. पहिली बिअर कशी करायची हे ती सांगतच नाही, जसं पहिलं दही कसं लावायचं हे कुणीच सांगत नाही. विरजण मागून आणायचं असतं. हे काम सजीव करतात, हेही तेव्हा कळलेलं नव्हतं. त्या दिशेचा पाश्चरचा पहिला प्रबंध लिल शहरात वाचला गेला तो १८५७ साली, वहीच्या त्या पानानंतर बरोबर शंभर वर्षांनी, आणि त्याचा विषय होता दही आंबट करणारं लॅक्टिक आम्ल.

फसफसण्याला इंग्रजीत बिअर ‘काम करते’ असं म्हणत, आणि या पानावरही तोच शब्द आहे. मराठीत इडलीचं पीठ ‘येतं’. एका भाषेत ते राबतं, दुसरीत पाहुण्यासारखं आपल्या पावलांनी येतं. दोन्हींत माणसाचं काम एकच, उबेची सोय करून वाट बघायची.

अमेरिकेत असताना मी ही कृती केली. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. अमेरिकेतही दारूबंदी १९३३ साली उठल्यावर घरच्या वाइनला मुभा मिळाली आणि घरची बिअर तशीच राहून गेली. तिला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. त्यानंतर ही हौस गावोगाव पसरली, आणि चार्ली पपाझियन या अणुअभियांत्रिकी शिकलेल्या शिक्षकाचं १९८४ सालचं पुस्तक तिचं जणू घरगुती पंचांग झालं.

मी माप एक तिसांशावर आणलं. एक गॅलन रस, पावणेचारशे मिलिलिटर मळी, दोन मोठे चमचे यीस्ट. मळीच्या बरणीवर ‘गंधकविरहित’ लिहिलेलं बघून घेतलं, कारण गंधकाने मळी टिकते पण यीस्ट दबतं. हॉप्स सात ग्रॅम, वजनकाट्यावर. तीन तास कोंडा उकळताना घरात गोठ्यातल्या आंबोणाचा वास भरला. जानेवारी होता. रस निवल्यावर यीस्ट घातलं आणि बरणी सोलापुरी चादरीत गुंडाळून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला ते गाठोडं दिसलं.

“काय रे, इडलीचं पीठ घातलंयस का?”

“हो, तसंच काहीतरी.”

“मग आत ठेव की कुठे उबेला. तिथे खिडकीपाशी गारठ्यात नाही यायचं ते.”

तिचं मी ऐकलं नाही. माझ्याकडे वॉशिंग्टन होता आणि वॉशिंग्टनकडे आकडा होता. रविवारी बनवली, पुढच्या रविवारी बाटल्या भरल्या. दहा बाटल्या झाल्या. चार दिवसांनी जिन्याखालच्या कपाटात त्यातल्या तीन फुटल्या. काचा वेचताना मळीचा चिकट, करपट वास आठवडाभर हाताला राहिला.

कृती चुकीची नव्हती, माझं वाचन चुकलं होतं. शेवटच्या भागात दोन अटी शेजारी शेजारी आहेत. पिंपाचं तोंड बिअर शांत ‘होत आली’ की बंद करा, आणि आठवड्याने बाटल्या भरा. मी दुसरी पाळली, कारण ती दिनदर्शिकेत दिसते. खरी अट पहिली. फसफसणं पुरतं थांबल्यावर बाटली भरली तर बिअर मुकी, बुडबुड्यांविना. फार आधी भरली तर उरलेल्या साखरेचा वायू काच फोडतो. मधली एक चिंचोळी वेळ आहे, आणि त्या वेळेचं नाव ‘होत आली’. व्हर्जिनियाच्या हवेत ती वेळ आठवड्यात येत असेल. खिडकीपाशी गारठलेल्या माझ्या बरणीत ती आली नव्हती. आईने ते पडद्यावरून ओळखलं होतं.

२०१२ साली व्हाइट हाउसने आपल्या स्वयंपाकघरात बनणाऱ्या बिअरच्या कृती लोकांच्या मागणीवरून जाहीर केल्या. त्यांतली एक, बागेतल्या पोळ्यांचा मध घालून केलेली बिअर. तिच्यात हॉप्स जातीच्या नावानिशी आहेत, केंट गोल्डिंग्ज आणि फगल्स, प्रत्येकी दीड औंस. धान्य १५५ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात अर्धा तास. यीस्टचं पाकीट एक. आणि बाटलीतल्या बुडबुड्यांसाठी पाऊण कप मक्याची साखर. आधी बिअर पुरती शांत होऊ द्यायची, मग मोजून नवी साखर द्यायची. वॉशिंग्टनने ‘होत आली’ या शब्दांवर सोडलेलं काम पाऊण कपाने अंगावर घेतलं. ही कृती सुरक्षित आहे, नवख्याला हात धरून नेणारी आहे, आणि पहिल्यांदा बिअर करणाऱ्या कुणालाही मी तीच देईन. पण ती मी एकदाच वाचली. तिच्यात पुन्हा वाचण्याजोगं काही शिल्लक राहत नाही.

दुसऱ्या खेपेला मी दिवस मोजले नाहीत. बरणीतल्या बुडबुड्यांमधलं अंतर मोजलं, मग मोजणंही सोडून नुसता ऐकत बसलो. अकराव्या दिवशी बाटल्या भरल्या. पंधरवड्याने उघडली. फेस पातळ आणि तपकिरी. वास थेट गुऱ्हाळाचा, म्हणून जीभ गोडाची तयारी करते आणि गोड येतच नाही. ते यीस्टने आधीच संपवलेलं असतं. मागे राहतो जळक्या गुळाचा रंग, लोखंडाची पुसट चव, आणि कोंड्याचा मऊपणा. मग कडू. हॉप्स सातच ग्रॅम होते, काटा तोच होता, पण पाकीट नवीन होतं आणि बिअर मागच्यापेक्षा बरीच कडू झाली होती. वहीत मी ‘७ ग्रॅम’ लिहिलं होतं. त्यावर काट मारली. तिथे काय लिहायचं, हे अडीचशे वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं.

काट मारताना एक प्रश्न पडला, तो अजून गेलेला नाही. चवीपुरते, पण चव कुणाची? सगळी कृती आज्ञार्थी आहे. घ्या, उकळा, गाळा, झाका. कर्ता कुठेच नाही. वॉशिंग्टन अकरा वर्षांचा असताना वडील गेले आणि दहा गुलाम माणसं वारशाने त्याच्या नावावर आली. व्हर्जिनियाच्या मळेवाल्या घरांत तीन तास चुलीपुढे उभं राहण्याचं काम बहुतेक अशाच हातांचं. तीन गॅलन मळी ज्या कॅरिबियन बेटांवरून यायची, तिथे ऊस तोडणारे आणि काहिलीवर रस आटवणारे हातही गुलामांचेच. त्या मळीवर इंग्लंडने १७३३ आणि १७६४ साली बसवलेल्या करांचा वसाहतींना राग आला, आणि पुढच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या कारणांत तोही राग धरला जातो. ज्यांनी ती आटवली त्यांना त्या स्वातंत्र्यातलं काही मिळालं नाही.

मी दुरुस्तीपाशी परत जातो. आधी मळी, मग तिच्यावर उकळती बिअर. हे ज्याला सुचलं त्याने किंवा तिने कधीतरी तळाला बसलेली मळी खरवडली होती. पंचवीस वर्षांच्या कर्नलने ती स्वतः खरवडली असेल, असं मला तरी वाटत नाही. त्याने ऐकलं आणि जसं ऐकलं तसं लिहिलं. अडखळलेलं तसंच ठेवलं, ‘ट’ गळाला तो गळालाच. शुद्ध लिहिलं असतं, तर चुलीपाशी उभं असलेलं ते माणूस या पानातून पुरतं पुसलं गेलं असतं.